वेस न ओलांडणारं गाव

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या या गावाला म्हणायचं ‘ईम’; Eyam हे स्पेलिंग पाहून फसू नका! १६६५ साली लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं सांगतात. पुढच्या जूनमध्ये पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे पाद्री थॉमस स्टॅन्ली यांनी गावकऱ्यांना राजी केलं: वेशीबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. हद्दीवरच्या दगडात खळगे आहेत, बोट मावेल एवढे. संसर्ग पसरू नये म्हणून त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची. त्या बदल्यात बाहेरचे लोक अन्नधान्य ठेवून जात. प्रार्थना चर्चऐवजी उघड्या घळीत. गावातल्या एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली. सुमारे २६० माणसं दगावली. मॉम्पेसन वाचले, पण त्यांच्या पत्नीची, कॅथरिनची कबर चर्चच्या आवारात आहे.