लुआंग प्राबांग : दोन नद्यांमधील विहारनगरी



तिबेटच्या पठारावर उगम पावणारी मेकाँग ही महानदी लाओस देशाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून वळणे घेत खाली उतरते, तेव्हा एका जागी नाम खान नावाची लहानशी नदी तिला येऊन मिळते, आणि या दोन प्रवाहांनी तीन बाजूंनी वेढलेल्या चिंचोळ्या भूभागावर, फू सी नावाच्या शंभरेक मीटर उंचीच्या टेकडीच्या आश्रयाने, लुआंग प्राबांग ही नगरी वसलेली आहे. एके काळी ती राजधानी होती. आज ती एका प्रांताचे मुख्य ठाणे आहे. विस्ताराने ती इतकी आटोपशीर आहे की तिचा जुना भाग पायी फिरणाऱ्याला एका प्रभातकाळी सहज ओलांडता येतो. परंतु तेवढ्याच जागेत तिसांहून अधिक बौद्ध विहार नांदत आहेत, आणि लाओ पद्धतीची लाकडी घरे व फ्रेंच अमदानीतील कौलारू बंगले यांच्याशी त्यांचा जो मेळ बसलेला आहे, तो ध्यानी घेऊन 1995 साली युनेस्कोने या नगरीची गणना जागतिक वारशात केली.

या नगरीचा परिचय करून देताना माझा एक आग्रह आहे, आणि तो प्रारंभीच मांडतो. येथे जावयाचे ते स्वतःच्या हिमतीवर, स्वतःच्या सवडीने आणि शक्यतो थोडक्या सोबतीने जावे. सहलीच्या मंडळींबरोबर जाण्याचे लाभ मी अमान्य करीत नाही. प्रकृती नाजूक असलेल्यांना तो मार्गच श्रेयस्कर होय. परंतु लुआंग प्राबांगची रचनाच अशी आहे की तिचा प्रत्येक मोहल्ला एकेका विहाराभोवती गुंफलेला आहे: मोहल्ल्यातील गृहिणी त्या विहारातील भिक्षूंना अन्न देतात, आसपासची आणि दूरच्या डोंगरी खेड्यांतील गरीब घरची मुले श्रामणेर होऊन तेथे राहतात व शिकतात, आणि मोहल्ल्यातील दिवंगतांच्या अस्थी त्याच प्रांगणातील लहान लहान स्तूपांत विसावतात. हा ऋणानुबंध पाहावयाचा तर त्याच अंगणात पहाटे, दुपारी आणि सायंकाळी जाऊन बसावे लागते. आणि ज्याच्या दिवसाची वाटणी दुसऱ्याने करून ठेवलेली आहे, त्याला ते साधत नाही.

जाण्याचा मार्ग अवघड नाही. बँकॉकमार्गे विमानाने थेट या नगरीत उतरता येते. डिसेंबर 2021 मध्ये चीनच्या सरहद्दीपासून व्हिएन्टियानपर्यंतचा लोहमार्ग खुला झाल्यापासून, डोंगरातील घाटरस्त्याने पूर्वी अख्खा दिवस खाणारा राजधानीपासूनचा प्रवास सुमारे दोन तासांवर आला आहे. तथापि ज्याला वेळेचा तुटवडा नाही, त्याने थायलंडच्या उत्तर सरहद्दीवरील चियांग खाँग येथून पूल ओलांडून हुएसाय गाठावे आणि तेथून मेकाँगच्या प्रवाहाबरोबर जाणारी लांबट लाकडी नौका धरावी. हा प्रवास दोन दिवसांचा असून रात्रीचा मुक्काम पाकबेंग या घाटावरच्या गावी पडतो. दोन्ही तीरांवर सागाची व बांबूची राने, वाळूच्या पुळणीवर लावलेले भुईमुगाचे वाफे, पाण्यात शिरलेल्या म्हशी आणि खडकांना बांधलेली मासेमारीची जाळी पाहात पाहात मनुष्य जेव्हा नगरीजवळ येतो, तेव्हा ही वस्ती नदीच्या पोटी जन्मली आहे, हे त्याला निराळे सांगावे लागत नाही. नगरीच्या वरच्या अंगाला मेकाँगवर एका मोठ्या धरणाचे काम सुरू असल्याने नौकांच्या वेळा व थांबे बदलण्याचा संभव असतो. म्हणून हुएसायलाच नीट चौकशी करावी. त्या धरणाने नदीचे काय होईल, या चिंतेत मीही सहभागी आहे. नदीवाचून या नगरीची कल्पना मला करवत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1353 मध्ये फा न्गुम या राजाने लान सांग, म्हणजे दशलक्ष हत्तींचे राज्य, स्थापन केले आणि या ठिकाणी आपली गादी मांडली. ख्मेर राजदरबाराकडून त्याला बुद्धाची एक उभी मूर्ती मिळाली, असे परंपरा सांगते. दोन्ही तळहात पुढे करून अभय देणारी ही प्राबांग मूर्ती उंचीने जेमतेम 83 सेंटिमीटर आहे, परंतु तिच्यामुळेच नगरीला आजचे नाव मिळाले. 1560 च्या सुमारास सेट्ठाथिराट राजाने राजधानी व्हिएन्टियानला हलविली; अठराव्या शतकाच्या आरंभी राज्याचे तुकडे झाले; 1887 मध्ये उत्तरेकडून आलेल्या लुटारू टोळ्यांनी नगरी जाळली; 1893 मध्ये फ्रेंचांचा अंमल बसला; आणि 1975 मध्ये राजपद संपुष्टात आले. राजवाडा आज संग्रहालय म्हणून खुला आहे, आणि त्याच्या आवारातील एका सुवर्णमंडित मंदिरात प्राबांग मूर्ती विराजमान आहे.

त्या 1887 च्या आगीतून जे थोडे बचावले त्यात अग्रस्थान वाट शिएंग थाँगचे. हा विहार सेट्ठाथिराटाने 1559-60 मध्ये, दोन्ही नद्यांच्या संगमाजवळ बांधविला. त्याच्या मुख्य मंदिराचे छप्पर एकावर एक अशा पदरांनी खाली उतरत जवळजवळ भूमीला टेकते, त्यामुळे दाराशी उभे राहणाऱ्याची मान आपोआप नम्र होते. आत काळसर लाकडी खांबांवर सोन्याची नक्षी आहे. पण मी श्रोत्यांना सांगेन ते असे की, आतून बाहेर येताच लगेच परत फिरू नये, तर मंदिराला वळसा घालून मागील भिंतीपाशी जावे. तेथे तांबड्या पार्श्वभूमीवर रंगीत काचांच्या तुकड्यांनी जडविलेला एक प्रचंड वृक्ष आहे, त्याच्या फांद्यांत पक्षी व मुळाशी पशू आहेत, आणि दुपार कलल्यावर ऊन तिरपे पडू लागले की काचेचा प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या क्षणी उजळतो. जवळच एक लहानसे, गुलाबी भिंतींचे मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर काचकामातच लाओ खेड्यांतील जीवनाचे प्रसंग जडविलेले आहेत. हे काचकाम बुद्धाच्या महापरिनिर्वाणास अडीच सहस्र वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने 1950 नंतरच्या दशकात करण्यात आले. त्याच अडीच हजाराव्या बुद्धजयंतीच्या पर्वात, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह धम्माची दीक्षा घेतली, याचे स्मरण त्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला झाल्यावाचून राहणार नाही. सायंकाळी भिक्षू सूत्रपठणास बसतात तेव्हा त्रिशरण आणि पंचशील यांची पाली वचने, उच्चार थोडा भिन्न असला तरी, आपल्याकडील बुद्धविहारांत जाणाऱ्या श्रोत्यांना सहज ओळखू येतील.

दुसरा विहार राजवाड्याच्या शेजारचा, वाट माय. पाच पदरी छपराखालील त्याच्या दर्शनी भिंतीवर सोनेरी उठावात वेस्संतर जातकाची कथा कोरलेली आहे. बोधिसत्त्वाचा हा उपान्त्य मानवी जन्म. या राजपुत्राने प्रथम राज्याचा मंगलहस्ती दान केला, म्हणून त्याला वनवास मिळाला, आणि वनात याचक आले तेव्हा त्याने आपली मुले आणि पत्नीही देऊन टाकली. अजिंठ्याच्या 17 व्या क्रमांकाच्या लेण्यात हीच कथा भिंतीवर रंगविलेली आहे, आणि ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना वाट मायच्या भिंतीवर अरण्यातले राजपुत्राचे कुटुंब शोधून काढावयास फार वेळ लागणार नाही. मात्र येथे राजपुत्र लाओ वेशात आहे आणि रान मेकाँगकाठचे आहे. अजिंठ्याचे चित्र आज आपण जपतो ते प्राचीन कलेचा ठेवा म्हणून. लाओस देशात मात्र वर्षातून एकदा विहाराविहारांतून या जातकाचे अखंड पठण होते, आणि लेकुरवाळ्या बायका व वृद्ध माणसे ते दिवसभर बसून ऐकतात. आपल्या भूमीत उमललेली कथा दुसऱ्या लोकांनी इतक्या प्रेमाने सांभाळावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता पहाटेच्या भिक्षाटनाविषयी. या नगरीची ख्याती मुख्यतः त्यावर आहे, आणि तिची हानीही त्यामुळेच होत आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. सूर्योदयापूर्वी प्रत्येक विहारातील भिक्षू व श्रामणेर, ज्येष्ठ पुढे व कनिष्ठ मागे, अशा एकाच रांगेत अनवाणी बाहेर पडतात. घरोघरच्या स्त्रिया उंबऱ्याबाहेर चटई अंथरून, खांद्यावरून पट्टा घेऊन गुडघ्यांवर बसलेल्या असतात. वेताच्या करंडीतला वाफाळलेला चिकट भात चिमूटभर चिमूटभर प्रत्येकाच्या पात्रात पडत जातो, आणि कोणीही एक अक्षर बोलत नाही. कोणाची करंडी रिकामी झाली, कोणाच्या घरी कोणी आजारी आहे, हे सारे त्या मौनातच मोहल्ल्याला कळते. अशा जागी, मुख्य रस्त्यावर, प्रवासी भिक्षूंच्या तोंडावर प्रकाश पाडून छायाचित्रे घेतात, रांगेत शिरतात, फेरीवाल्यांकडून घेतलेला शिळा भात पात्रात टाकतात. हे पाहून मन विषण्ण होते. ज्याची श्रद्धा नाही त्याने दान देण्याचा प्रयोग करू नये. त्याने रस्त्याच्या पलीकडे, उंच जागा टाळून, खांदे व गुडघे झाकलेल्या वस्त्रांत स्वस्थ उभे राहावे. ज्याला मनापासून द्यावयाचे आहे त्याने आपण उतरलो असू त्या घरच्या यजमानिणीला आदल्या दिवशी विनंती करावी. ती भात शिजवून देईल आणि कसे बसावयाचे तेही शिकवील. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हा संकेत येथे कसोशीने पाळला जातो. मुख्य रस्ता सोडून नाम खानच्या बाजूच्या गल्ल्यांत गेल्यास हा विधी आजही घरगुती शुचितेने चाललेला दिसतो.

दुपारच्या वेळी विहारांची प्रांगणे मोकळी असतात, आणि अभ्यासाची पुस्तके घेऊन बसलेले तरुण श्रामणेर इंग्रजी बोलण्याचा सराव करावयास प्रवाशाशी आपण होऊन बोलू लागतात. हा या प्रवासातील सर्वोत्तम काळ, असे माझे मत आहे. गावाकडे आई-बाप काय पिकवतात, विहारातली शाळा संपली की पुढे काय करावयाचे, चीवर कायम ठेवावयाचे की उतरवावयाचे, हे प्रश्न ही मुले मोकळेपणाने बोलून दाखवितात. वाट सेन या विहाराचे महास्थविर फा खामचान विराचित्त यांनी 2007 मध्ये निर्वाण होईपर्यंत, युद्धाच्या आणि राज्यक्रांतीच्या वर्षांतही, भिक्षुजीवनाची छायाचित्रे जतन करून ठेवली होती. पुढे इतर विहारांतील संग्रहांसह त्यांचे एक मोठे दप्तर उभे राहिले. एका समाजाने स्वतःच्या साधुजीवनाचा स्वतःच राखलेला असा सचित्र पुरावा मला अन्यत्र आढळलेला नाही.

भोजनाविषयी दोनच शब्द. चिकट भात हाताने मुटके करून खातात. नदीतील शेवाळ वाळवून, त्यावर तीळ पेरून केलेला कायपेन हा पापडासारखा पदार्थ अवश्य चाखावा. शाकाहारी श्रोत्यांनी मात्र आधी बोलून घ्यावे, कारण आंबवलेल्या माशांचा रस भाजीतही घालतात.

एक गोष्ट कटू असली तरी सांगितली पाहिजे. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने या लहानशा देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले, आणि त्यांतील न फुटलेले गोळे आजही जमिनीत आहेत. लुआंग प्राबांगमध्ये याची माहिती देणारे एक केंद्र आहे. तेथे जावे, आणि नगरीबाहेर डोंगरात भटकताना मळलेली पायवाट सोडू नये. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर या देशातील युद्धविरामावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, हेही त्या केंद्रात उभे असताना आठवते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चमध्ये डोंगरातील शेते जाळतात आणि धुराने नदीही दिसेनाशी होते. एप्रिलच्या मध्यास नववर्षाचा सोहळा होतो, तेव्हा प्राबांग मूर्ती मिरवणुकीने वाट मायमध्ये आणून तिला जलाभिषेक करतात, पण त्या वेळी खोली मिळणे दुरापास्त होते. थंडीत नाम खानवर बांबूचा पूल बांधतात व पावसाळ्याच्या तोंडावर काढून घेतात; थोडा टोल देऊन त्यावरून पलीकडे गेले की पुढे नदीकाठाने विणकरांच्या व कागद करणाऱ्यांच्या वस्त्या लागतात.

आणि मेकाँगच्या दुसऱ्या तीरावर शिएंग मेन हे खेडे आहे. राजवाड्यामागील घाटावरून तरीने तेथे जाता येते. तेथल्या वाट लाँग खून या विहारात राज्याभिषेकापूर्वी राजे तीन दिवस एकांतवासात राहात असत, आणि टेकडीवरील वाट चोम फेटच्या पायऱ्या चढल्यावर सगळी नगरी, तिची छपरे, फू सीचा शिखरस्तूप व दोन्ही नद्या एका दृष्टिक्षेपात येतात. सहलीच्या मंडळींना या तीरावर यावयाला सहसा वेळ उरत नाही. आपण मात्र एक पुरा दिवस त्यासाठी राखावा, सोबत पाणी व शिदोरी घ्यावी, आणि परतीची तर किती वाजेपर्यंत मिळेल हे घाटावरच्या नावाड्याला जातानाच विचारून ठेवावे.