ठेव कोणाच्या भरवशावर?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बँक परदेशी मालकीची असेल तर आपली पुंजी बुडेल काय, अशी शंका श्रमिकांच्या मनात येते. ती अनाठायी नाही. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल १९९१ साली कोसळली. तिची शाखा मुंबईतही होती. परंतु मालक स्वदेशी असला म्हणजे पैसा सुरक्षित, हाही भ्रमच. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तशीच आपल्या विदर्भातील अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली.

त्या धक्क्यातून संसदेने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला. आरंभी मर्यादा दीड हजारांची होती. २०२० साली ती पाच लाखांची झाली. परदेशी बँकांच्या भारतातील शाखांनाही हा विमा लागू आहे. ठेवीदाराला तारतो तो मालक नव्हे, कायदा.

मात्र व्याजासह पाच लाखांवरील रकमेला हे संरक्षण नाही. आयुष्यभर राबलेल्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून सारी पुंजी एकाच बँकेत ठेवू नका, हे वस्तीवस्तीत सांगा. आणि मर्यादा वाढविण्याची मागणी संघटितपणे लावून धरा.