पडद्यावरचा आकडा कुणाचा?



स्वागताध्यक्ष म्हटला की आमदार, कारखान्याचा चेअरमन, नाहीतर शिक्षणसंस्थेचा मालक, अशी आपल्याकडची रीत. मांडवाचा खर्च तिथून निघतो. या वेळी संयोजकांनी तो फेटा एका निवृत्त एक्स-रे टेक्निशियनच्या डोक्यावर बांधला. त्यामुळे दुपारच्या जेवणात गोडाचा एकच पदार्थ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. वरण मात्र नवापूरच्या तूरडाळीचं आहे, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करणार नाही याची मला खात्री आहे.

विषय रुग्णाला तपासणीत मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मोजमापाचा आणि परिषद विसरवाडीला, हे काय प्रकरण आहे, असं दोघा-तिघांनी फोनवर विचारलं. ही परिषद मुंबईत अणुशक्तीनगरला शोभली असती, असंही एकजण म्हणाले. मला वाटतं ती इथेच शोभते. आपण बसलो आहोत तो सुरत-धुळे महामार्ग. पूर्वेला कोंडाईबारीचा घाट, पश्चिमेला नवापूर आणि पुढे लगेच गुजरात, आणि नंदुरबारचा रस्ताही इथूनच फुटतो. घाटात गाडी उलटली की जखमी माणूस आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात येतो, तिथून नंदुरबारला किंवा धुळ्याला जातो, नातेवाइकांनी ठरवलं तर सुरतेला. प्रत्येक मुक्कामी त्याचा फोटो पुन्हा निघतो. आधीचा फोटो रुग्णवाहिकेत राहिलेला असतो, सीडी उघडत नाही, किंवा नवीन डॉक्टरांचा जुन्या फोटोवर भरवसा नसतो. मी कुणावर ठपका ठेवत नाही. रक्तस्राव होत असलेल्या माणसाचा सीटी डोसच्या भीतीने लांबवणं हा शुद्ध अडाणीपणा ठरेल. पण त्या तीन फोटोंचा हिशेब कुठेच एका ठिकाणी लागत नाही, एवढं खरं आहे.

आमचा हिशेब मात्र लागतो. नोकरीत असेपर्यंत माझ्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असायचा. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेला हा बॅज आपल्या देशात १९७५ पासून वापरात आहे. आत कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेल्या तीन चकत्या असतात. दर तीन महिन्यांनी तो वाचला जातो आणि माझ्या नावापुढे आकडा लिहिला जातो. सलग पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या पुढे नाही, ही अणुऊर्जा नियामक मंडळाने घातलेली माझी मर्यादा. मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं, तेव्हापासून आमच्यासारख्यांची काळजी कागदोपत्री तरी चोख आहे. मी भिंतीआड उभा राहून बटण दाबतो, माझ्या अंगावर जेमतेम काही पडतं, तरी माझ्या नावाची नोंद होते. टेबलावर निजलेल्या माणसाच्या अंगावर खरा झोत पडतो, आणि त्याच्या नावापुढे जागा रिकामी.

रुग्णाला कायद्याने डोसची मर्यादा नाही. ती नसावीच, कारण गरज पडली तर दहा वेळाही सीटी करावा लागतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने १९९६ साली मर्यादेऐवजी संदर्भ पातळीची वाट दाखवली. अनेक केंद्रांमधून एकाच तपासणीचे आकडे गोळा करायचे, चढत्या क्रमाने लावायचे, आणि तीन चतुर्थांश केंद्रं ज्याच्या खाली राहतात तो आकडा खूण म्हणून धरायचा. आपलं केंद्र त्याच्या वर सतत जात असेल तर यंत्र, प्रोटोकॉल आणि माणसं, तिन्ही तपासायची. वर गेलेल्याला दंड नाही. आणि ही पातळी एका रुग्णाला लावायची नसते, हे आमच्याकडे अजून नीट रुजलेलं नाही. एखाद्या धिप्पाड माणसाचा आकडा वर गेला म्हणून टेक्निशियनला झापणारे साहेब मी पाहिले आहेत.

आता परिषद इथे का, याचं खरं कारण सांगतो.

सीटी झाला की पडद्यावर डोसचं एक पान उमटतं. त्यावर दोन आकडे ठळक असतात. पहिला मिलिग्रेमध्ये, सीटीडीआय. दुसरा डीएलपी. नवख्यांचा यात घोळ होतो. शेतकऱ्याच्या पोरांना मी असं समजावतो की वाफ्यात पाणी किती खोल उभं आहे तो पहिला आकडा, आणि त्याला वाफ्याच्या लांबीने गुणलं की दुसरा. पोटाचा सीटी मांड्यांपर्यंत ओढत नेला तर पहिला आकडा तसाच राहतो, दुसरा फुगतो. इथपर्यंत ठीक. पण पहिला आकडा येतो कुठून? तो समोरच्या रुग्णाच्या पोटात मोजलेला नसतोच. पोट-छातीसाठी ३२ सेंटिमीटर व्यासाचा ॲक्रिलिकचा एक ठोकळा प्रमाण मानलेला आहे. या झोतात तो ठोकळा ठेवला असता तर त्यात किती डोस गेला असता, ते पडद्यावर दिसतं. त्या ठोकळ्याचा घेर काढा. जवळपास १०० सेंटिमीटर, म्हणजे ४० इंच कंबर.

मंडळी, आमच्या भागात ४० इंच कंबरेचा माणूस शोधायचा तर निवडणुकीच्या सभेला जावं लागेल. इथला ऊसतोड मजूर, त्याची बायको, शेळ्या राखणारी मुलगी यांची कंबर २५ इंच निघते. २५ इंच घेर म्हणजे साधारण २० सेंटिमीटर व्यास. अमेरिकेच्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ साली आपल्या २०४ क्रमांकाच्या अहवालात यासाठी तक्ता दिला आहे. २० सेंटिमीटर व्यासाला पडद्यावरच्या आकड्याचा गुणक १.७८. पडद्यावर १० दिसत असतील तर या बाईच्या पोटात सुमारे १८ गेले. १६ सेंटिमीटर व्यासाच्या मुलाला दुपटीहून थोडं जास्त. यंत्र हुशार असेल आणि त्याची स्वयंचलित करंट-व्यवस्था चालू ठेवलेली असेल तर सडपातळ माणसाला ते मुळातच कमी झोत देतं, हे मान्य. पण ती व्यवस्था बंद ठेवून सगळ्यांना एकच ठरलेला करंट देणारी केंद्रं आहेत. आणि व्यवस्था चालू असली तरी पडद्यावरचा आकडा त्या जाड ठोकळ्याचाच राहतो. लहान मुलांच्या बाबतीत तर काही यंत्रं १६ चा ठोकळा धरतात, काही ३२ चा. कोणता धरला हे त्याच पानावर बारीक अक्षरात असतं, आणि बारीक अक्षर आपण बँकेच्या कर्जाच्या कागदावरसुद्धा वाचत नाही.

जगभरातल्या पाहण्या सरासरी ७० किलोच्या आसपासचे रुग्ण निवडतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहे. आमच्या जिल्ह्यासाठी ते आकडे तसेच उचलले तर आम्ही नेहमी उत्तीर्णच होऊ, आणि तेच घातक आहे. ४० किलोच्या माणसासाठी आमची स्वतःची नेहमीची पातळी काढावी लागेल. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एका तपासणीचे किमान २० रुग्ण, प्रत्येकाचं वजन, घेर आणि डोसच्या पानावरचे दोन आकडे एका वहीत, आणि त्यांचा मधला आकडा. सीटीच्या खोलीबाहेर वजनकाटा ठेवायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहायची?

साध्या एक्स-रेचंही थोडं बोलतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. डार्करूमच्या काळात फिल्म स्वतःच पहारेकरी होती. डोस जास्त झाला की डेव्हलपरमधून काळी ठिक्कर निघायची आणि डॉक्टर ती माझ्या टेबलावर आपटायचे. डिजिटल आल्यावर हा पहारा उठला. जास्त डोस दिला तर चित्र आणखी गुळगुळीत दिसतं, कमी दिला तर रवाळ दिसतं आणि बोलणी बसतात. माणूस बोलणी टाळतो, हात वर वर जातो. यावर प्रत्येक फोटोसोबत एक्सपोजर इंडेक्स येतो, पण कंपन्यांनी त्याचाही खेळ केला. फुजीच्या सीआरवर एस-नंबर वाढला की डोस कमी झालेला असतो, केअरस्ट्रीमवर ईआय वाढला की जास्त. बदली होऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेलेल्या पोराने करायचं काय? २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आलं, त्यात डीआय नावाचा एकच सोपा आकडा आहे. शून्य म्हणजे नेमकं, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मा. तुमच्या यंत्रावर तो असेल तर उद्यापासून तेवढाच पाहा.

आकडा समोर असून न दिसणं हा फक्त खेड्यातला रोग नाही. २००९ साली लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात मेंदूच्या सीटीत २०० हून जास्त रुग्णांना ठरल्याच्या सुमारे आठपट डोस गेल्याचं उघड झालं. हे दीड वर्ष चालू होतं. रुग्णांच्या डोक्यावरचे केस पट्ट्यात गळू लागले तेव्हा कुठे शोध सुरू झाला. डोसचा आकडा रोज, प्रत्येक रुग्णाला, पडद्यावर येत होता.

आमच्या भागातला सगळ्यात अवघड रुग्ण अपघाताचा नाही, सिकलसेलचा आहे. शहरातल्या पाहुण्यांना हा आजार पुस्तकात भेटतो, आम्हाला रोज बाकावर भेटतो. लहानपणापासून दुखण्याची लाट येते. छातीत दुखलं की छातीचा फोटो, हाड दुखलं की हाडाचा, पुढे मांडीच्या हाडाचं डोकं झिजू लागलं की खुब्याचे फोटो वर्षानुवर्षं. एका छातीच्या फोटोचा डोस ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी. निसर्गातून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो, म्हणजे हा फार तर दोन आठवड्यांचा. घाबरण्यासारखं काहीच नाही. पण याच मुलाचा पोटाचा सीटी दोन-तीन वेळा झाला की गणित बदलतं, कारण एका पोटाच्या सीटीत तीन-चार वर्षांचा निसर्ग भरतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही. पक्षाघाताचा धोका ओळखायची डोक्याची डॉपलर तपासणी सोनोग्राफीवरच होते. खुब्याची झीज एमआरआयमध्ये एक्स-रेच्या आधी कळते. अशा मुलांसाठी कोणती तपासणी कधी, याचा एक छापील कागद या दोन दिवसांत तयार व्हावा, अशी स्वागत समितीची इच्छा आहे.

हीच मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. मधल्या काळात तिकडे दवाखाना, तिकडे फोटो. हिशेबाची वही कुणी ठेवायची? एम्समधून पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत गेलेल्या मदन रेहानींनी रुग्णाच्या डोसची नोंद त्याच्यासोबत फिरावी यासाठी तिथे प्रकल्प चालवला. पुढे त्यांच्या गटाने ३२४ रुग्णालयांमधले सीटी झालेले २५ लाख रुग्ण तपासले, तेव्हा शंभरात एकाहून थोडे जास्त लोक १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे गेलेले निघाले. आपल्याकडे तसा हिशेब मांडायला साधन नाही असं म्हणता येणार नाही. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. आता आरोग्यनोंदींसाठी आभा क्रमांक आहे. सीटी यंत्र डोसचा अहवाल स्वतःच डिजिटल रूपात लिहून ठेवतं. आधी क्रमांकाने रुग्ण सापडावा आणि त्याच्या नोंदीत हा अहवाल जाऊन बसावा, एवढीच जोडणी राहिली आहे. यंत्रखरेदीच्या निविदेत ही अट घालणारे अधिकारी आज समोर बसले आहेत, म्हणून मुद्दाम बोलतो.

भीतीबद्दल दोन वाक्यं. गरोदर असल्याचं न कळता एक्स-रे झाला म्हणून गर्भ पाडायला सांगितल्याच्या गोष्टी अजून कानावर येतात. गर्भाला १०० मिलिग्रेच्या खालचा डोस हे गर्भपाताचं कारण होऊ शकत नाही, असं आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० सालीच सांगितलं आहे, आणि आपल्या नेहमीच्या तपासण्या त्याच्या बऱ्याच खाली असतात. पाळीबद्दल मात्र विचारायलाच हवं, आणि ते मावची, कोकणी, भिलीतून विचारावं लागतं. ते काम आमच्या आशाताई करतात, म्हणून त्या पहिल्या रांगेत आहेत.

आणखी एक. जन्मभर मी रुग्णाच्या ओटीपोटावर शिशाची पट्टी ठेवली. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सांगितलं की ही सरसकट सवय बंद करा, पट्टीचा फायदा नगण्य आणि ती स्वयंचलित एक्सपोजरच्या आड आली तर डोस उलट वाढतो. मला पटायला वेळ लागला. तुमच्यातही न पटलेले असतील, उद्याच्या पहिल्या सत्रात त्यांनी जरूर भांडावं.

पाहुण्यांना या वेळी शाल-श्रीफळ नाही. प्रतिनिधींच्या पिशवीत कार्यक्रमपत्रिका, कोरी वही आणि शिंप्याची टेप आहे. टेप कशासाठी, हे आता सांगायला नको. दुपारी अडीच वाजता घेर मोजण्याचं प्रात्यक्षिक आहे, आणि पहिला घेर अध्यक्ष महोदयांचा घ्यायचा, असं स्वागत समितीने त्यांना न विचारता ठरवलं आहे. त्यांनी माईक हाती घ्यावा, ही विनंती.