जमीन मोकळी नसते



फौजेत आम्हाला जमीन वाचायला शिकवतात. उंचवटा कुठे, आडोसा कुठे, पाणी कुठे, वाट कुठून. नकाशावर खूण नसली की जागा मोकळी. आज मी ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींबद्दल बोलणार आहे. त्यांच्या लेखी जमीन कधीच मोकळी नसते.

हा मुलूख कुणाच्याच मालकीचा नाही, असं धरून इंग्रज तिथे वसले. हा समज तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली, माबो खटल्यात मोडीत काढला. मूलनिवासी ज्याला 'कंट्री' म्हणतात, त्यात माती, पाणी, आकाश, प्राणी, पूर्वज आणि कायदा, सगळं येतं. माणूस त्या जमिनीचा असतो आणि तिला सांभाळणं हे त्याचं कर्तव्य असतं.

मग घर बांधताना काय होतं? अनेक समाजांत जावई आणि सासू समोरासमोर येत नाहीत. एकच दार, एकच बोळ असलेल्या सरकारी साच्याच्या घरात हे पाळायचं कसं? घरात कुणी वारलं, तर बऱ्याच ठिकाणी कुटुंब काही काळ तिथून हलतं. तेव्हा जायचं कुठे?

उत्तरेला यिरकला इथे वास्तुविशारद ग्लेन मर्कट यांनी चित्रकार बांदुक मारिका यांच्या कुटुंबासाठी घर बांधलं. ते १९९४ साली पूर्ण झालं. खांबांवर उचललेलं, खिडक्यांना काचा नाहीत, उघडता येणाऱ्या झडपा. वारा खेळतो, आणि कोण येतंय, आभाळ कसं आहे, हे आतून दिसतं.

दुसरं उदाहरण उलुरूचं. ती भूमी १९८५ साली अनांगू लोकांना परत मिळाली. दहा वर्षांनी तिथे सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. वास्तुविशारद ग्रेगरी बर्जेस यांच्यासोबत बसून अनांगूंनी वाळूत आकृत्या काढल्या. त्या खडकाशी जोडलेल्या कुनिया आणि लिरू या दोन सापांच्या कथेवरून दोन नागमोडी इमारती झाल्या, मातीच्या विटांच्या. खडकावर चढू नका, ही अनांगूंची विनंती मात्र पूर्णपणे अमलात यायला २०१९ उजाडलं.

काय बांधायचं, याइतकंच कुठे पाऊल ठेवायचं नाही, हेही आराखड्यातच येतं. आणि ते नकाशा सांगत नाही, तिथली माणसं सांगतात. तुमच्यापैकी जे उद्या रस्ता, वसाहत, शाळा आखणार आहेत, त्यांनी कागद पसरण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसावं. त्यांनी 'नाही' म्हटलं, तर तेही ऐकावं.