आत्याच्या ओव्या
(शताब्दीनिमित्त कोपरखैरणे येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या दिंडीतले निम्मे लोक आता गावी राहत नाहीत. वाशीच्या मार्केटात माथाडी, इथं कोपरखैरण्याला खोली आणि आषाढी आली की गावची दिंडी, असं आपलं चाललंय. दोन वर्षांमागं विणेकरी बाबा मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला. शताब्दीसाठी म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या गोळा कर." त्या कामात मी काय घोळ घातला, ते सांगायला उभा आहे.

हे काम आपल्या आधी फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाच्या वर ओव्या, हजाराहून जास्त गावं! पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि बायकांचं पहाटेचं गाणं थांबलं, तेव्हाची ही गोष्ट. १९९० नंतर बर्नार्ड बेल हे संगणकाचे आणि संगीताचे जाणकार त्यांना मिळाले. त्यांनी ओव्यांचा संगणकावर संग्रह बांधला, आवाज टेपवर घेतले. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या वाचायला-ऐकायला मिळतात. ओवीखाली बाईचं नाव आणि गाव असतं. पंढरीच्या ओव्या ढीगभर आहेत.

आता माझं. मी आत्यापासून सुरुवात केली. फोनवर आवाज घेतला, मग टाइप केलं. आत्या म्हणते 'इठू', शेजारची म्हणते 'इट्टल', तिसरी म्हणते 'पांडुरंग'. कॉम्प्युटरवर 'विठ्ठल' शोधा, यातली एकही सापडत नाही. ते यंत्र अक्षर बघतं, देव नाही बघत. मी शहाणपणा केला. एक कळ दाबून सगळीकडं 'विठ्ठल' करून टाकलं. फोन भरला म्हणून आवाजही पुसले.

आत्याला वाचून दाखवलं. तिनं चालीवर म्हणून बघितलं, अडखळली.

"ही कुणाची रं?"

"तुझीच की."

"माझी न्हवं ही."

चाळीस ओव्या होत्या. पुन्हा सांगायला बसवलं तर सत्तावीस आल्या. बाकीच्या तिला आठवत नाहीत.

मग त्या मोठ्या संग्रहाची मांडणी नीट पाहिली. ओवी बाईनं म्हटली तशीच ठेवलेली, आणि विषयवारी वेगळी. म्हणजे 'इठू' तसाच राहतो, अन् शेजारच्या रकान्यात 'विठ्ठल' लिहिलं की शोधायला सापडतो. एवढं साधं होतं! आता मी तसंच करतो. बाईचं नाव लिहितो, सासर लिहितो आणि माहेर तर लिहितोच, कारण ओवी लेकीबरोबर माहेराहून निघते. आवाजाच्या दोन प्रती, दोन घरांत. आणि आवाज घेण्याआधी त्या माउलीला विचारायचं. पोरं न विचारताच फोन पुढं करतात, ते बरं दिसत नाही.

यंदा मुक्कामावर कुणाची आई, आजी, चुलती गायला लागली तर मला हाक मारा. रात्री किती का वाजेनात.

आत्या मागं बसली आहे. तिचं म्हणणं, हातात खुंटा असला तर राहिलेल्या तेरातल्या काही आठवतील. माझ्या चौथ्या मजल्यावर जातं कुठलं? कुणाकडं असेल तर पंगतीनंतर सांगा. टेम्पो मी करतो.