शिवकालीन खेळांचा छंद



आपल्या तरुणांनी शिवकालीन युद्धकलेच्या पथकांत नाव घालावे काय, असा प्रश्न काही पालकांनी आमच्यापुढे ठेवला आहे. अभ्यास बुडेल, इजा होईल आणि मुलींनी हाती पट्टा कशास धरावा, अशा त्यांच्या शंका आहेत.

शेवटच्या शंकेचे उत्तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यानेच देऊन ठेविले आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या घरी जिजाऊसाहेब जन्मास आल्या. त्या भूमीतील लेकींस नको म्हणावे तरी कोणत्या तोंडाने?

इजेची शंका मात्र रास्त आहे. पट्ट्याचे पाते लवचिक, आणि मुठीच्या खोबळ्यात हात कोपरापर्यंत बंदिस्त. मनगट वळत नाही, सारा वार खांद्यातून फिरवावा लागतो. म्हणून जाणता वस्ताद आधी पायांचे पवित्रे व लाठी शिकवितो. अशा वस्तादावाचून शस्त्रास हात लावू नये.

अभ्यासाचे म्हणाल, तर फेटा बांधला म्हणजे इतिहास कळला असे नव्हे. लखुजीराव १६२९ साली पुत्रांसह मारले गेले, ते निजामशहाच्या दरबारात, दग्याने. हे का घडले, ते मुलांनी ग्रंथांत शोधावे. छंद अभ्यासास पूरकच ठरेल.

आणखी एक विनंती. स्वराज्याच्या सैन्यात अठरापगड जातींचे लोक खांद्यास खांदा लावून लढले. तेव्हा आपल्या मुलांनी ज्ञातीचे निराळे पथक न काढता गावाच्या पथकात सर्वांसमवेत उभे राहावे. त्यातच आपल्या ज्ञातीची शोभा आहे.