लोभ असावा, पण कशाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असे लिहायची आपल्याकडे पद्धत होती. माझ्या पिढीने अशी शेकडो पत्रे लिहिली. मराठीत लोभ म्हणजे जिव्हाळा आणि लोभ म्हणजे हावही. एकाच शब्दाने दोन्ही कामे भागतात. नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यातला हावेचा शब्द मात्र अगदी कोरडा आहे. 'प्लिओनेक्सिया'. म्हणजे आहे त्याहून अधिक हवे असणे. किती अधिक, हे त्या शब्दात नाही. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात या लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हटले आहे. मूर्तिपूजेविषयी दुसऱ्याला चार शब्द सांगण्याची हौस आम्हा ख्रिस्ती मंडळींना पुष्कळ असते. हे वचन मात्र आपल्याच घरात, कपाटासमोर उभे राहून वाचायचे आहे.

मी धर्मगुरू नाही. माझी नोकरी बँकेत झाली आणि आमच्या मंडळीचा खजिनदार म्हणून मी बारा वर्षे हिशेब पाहिला. त्यामुळे पैशासमोर बसलेली माणसे मी दोन्हीकडून पाहिली आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आमच्याकडे काही ना काही सोडायची रीत आहे. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, कोणी सिगारेट. आत्मपरीक्षणाच्या बैठकीत माणसे आपले दोषही सांगतात. 'मी जरा तापट आहे,' असे सांगताना एखाद्याच्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा असतो. आळस कबूल होतो, मत्सरही कधीमधी कबूल होतो. पण 'मी जरा लोभी आहे,' असे वाक्य मी इतक्या वर्षांत एकदाही ऐकले नाही.

याचे कारण माणसे खोटे बोलतात असे नव्हे. त्यांना तो खरोखरच दिसत नाही. राग आला तर शेजाऱ्यालासुद्धा ऐकू जातो. लोभ आवाज करत नाही, आणि घरात वावरताना तो आपले खरे नाव सांगत नाही. काटकसर, दूरदृष्टी, मुलांचे भविष्य, अडीअडचणीला चार पैसे, अशी त्याची नावे असतात. शिवाय ही सगळी नावे चांगल्या गोष्टींचीही आहेत. खरी अडचण तिथेच आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी राहत होता. तो ३९९ मध्ये वारला. माणसाच्या मनाला घेरणारे आठ विचार त्याने नोंदवून ठेवले. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी ज्या सात प्रमुख पापांची यादी केली, तिचे मूळ या आठांत आहे. द्रव्यलोभाविषयी एव्हाग्रियस काय लिहितो, ते पाहण्यासारखे आहे. त्यात सोन्याच्या राशी नाहीत, महाल नाहीत. तो म्हणतो, हा विचार माणसाला लांबलचक म्हातारपण दाखवतो. हातांनी काम होईनासे झाले तर काय, असे विचारतो. पुढे येणारे दुष्काळ दाखवतो, आजार दाखवतो, गरिबीचा कडवटपणा दाखवतो. आणि शेवटी, दुसऱ्यासमोर हात पसरावा लागला तर किती लाज वाटेल, तेही दाखवतो.

श्रोतेहो, ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने माझ्या डोक्यातली यादी उतरवून घेतली की काय, असे वाटले. म्हातारपण, गुडघे, दवाखान्याचे बिल, मुलांपुढे हात पसरणे. क्रमसुद्धा जवळजवळ तोच. लोभाचे चित्र म्हणून आपण नेहमी नोटा मोजणारा शेठजी पाहत आलो. एव्हाग्रियस सांगतो की तो भीतीच्या दाराने येतो. आणि घाबरलेल्या माणसाला लोभी म्हणायला कोणाची जीभ धजत नाही, त्याची स्वतःची तर नाहीच.

मग भविष्याची तरतूद करायचीच नाही का? करायची. बँकेत आयुष्य काढलेला माणूस दुसरे काय सांगणार? पण तरतुदीला आकडा असतो. मुलीचे शिक्षण इतके, शस्त्रक्रिया इतकी, असे लिहिता येते. भीतीला आकडा नसतो. ठेवीची मुदत संपली की नूतनीकरणाला येणारे काही वृद्ध खातेदार मला आठवतात. रक्कम दुप्पट झाली तरी त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी तेवढीच असायची.

याच काळातली आणखी एक हकीकत संत जेरोमने ३८४ च्या सुमाराला लिहिलेल्या एका पत्रात आहे. इजिप्तमध्येच निट्रिया येथे हजारो संन्यासी वेगवेगळ्या खोल्यांत राहत. त्यातला एक जण वारला आणि त्याच्यापाशी सोन्याची शंभर नाणी सापडली. चोरीची नव्हेत, लाचेची नव्हेत. तागाचे कापड विणून मिळवलेली. जेरोम तर त्याला लोभी म्हणण्यापेक्षा काटकसरी म्हणतो. पैशांचे काय करायचे, यावर सभा भरली. कोणी म्हणाले गरिबांना द्या, कोणी म्हणाले चर्चला, कोणी म्हणाले आईवडिलांना पाठवा. शेवटी ज्येष्ठांनी ते पैसे त्याच्याबरोबरच पुरले. मला हा निर्णय आजही पटत नाही. पोटात भूक असलेल्यांच्या उपयोगी पडले असते ते धन. पण 'लोभी नव्हे, काटकसरी' हे जेरोमचे शब्द मनातून जात नाहीत. बाहेरच्या माणसाला तो फरक दिसणार नाही. तो ज्याचा त्यालाच पाहावा लागतो.

तो पाहायचा कसा, यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात एक युक्ती दिली आहे. हिशेबाच्या माणसाला ती फार पटते. तीन प्रकारची माणसे डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाला दहा हजार मोहरा मिळाल्या आहेत आणि प्रत्येकाला त्यांची ओढ मनाला टोचते आहे. पहिला म्हणतो, ही ओढ सुटली पाहिजे. आणि मरेपर्यंत काही करत नाही. तिसरा म्हणतो, ठेवायला सांगितले तर ठेवीन, द्यायला सांगितले तर देईन. मधला सर्वांत ओळखीचा. त्याला ओढ सुटायला हवी आहे, पण मोहरा जवळच राहायला हव्यात. म्हणजे आपण देवाकडे जायचे नाही, देवानेच आपल्या ठरलेल्या जागी यायचे. चर्चमध्ये सगळ्यात मोठी गर्दी या मधल्या माणसांची असते. मला वाटते, देवळात आणि मशिदीतही निराळे चित्र नसेल.

देणाऱ्याच्या हातातही लोभ असू शकतो, हे आणखी एक. अलीकडे काही प्रवचनांत दशांश हा गुंतवणुकीसारखा समजावला जातो. हजार द्या, देव दहा हजार देईल. बँकेत असा परतावा कोणी सांगितला असता तर आम्ही त्या माणसाची चौकशी लावली असती.

याउलट अठराव्या शतकातल्या जॉन वेस्ली यांचे उदाहरण. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाची हकीकत त्यांनी एका प्रवचनात सांगितली. तो तरुण म्हणजे वेस्लीच, असे बहुतेक जण मानतात. वर्षाला ३० पौंड मिळत, तेव्हा त्याने २८ मध्ये भागवले आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. तेव्हाही २८ मध्येच भागवले आणि ३२ दिले. मिळवा, वाचवा आणि द्या, असे त्यांचे तीन नियम होते. उतारवयात त्यांना खंत राहिली की अनुयायांत तिसरा नियम पाळणारे फार थोडे निघाले.

पण लोभाची खरी परीक्षा दानपेटीपाशी होत नाही. ती वाटणीच्या वेळी होते. येशूकडे एक माणूस येऊन म्हणतो की माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू वाटणी करायला नकार देतो आणि लोभापासून सावध राहा म्हणतो. कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताचा दाखला त्याच प्रसंगी सांगितलेला आहे.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांना तो लागू आहे आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखा आहे. केरळच्या त्रावणकोर भागात मात्र १९१६ चा वेगळा कायदा चालत राहिला. मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मुलीला. मेरी रॉय या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाच हजारांचा तो नियम रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या घरांतून सत्तर वर्षे पाळला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे कायदा सरळ आहे, म्हणून आपण हक्कसोडपत्र शोधून काढले आहे. मंडळीतला जुना माणूस म्हणून मला साक्षीदाराच्या सहीसाठी बोलावतात. बहिणी नीटनेटके कपडे करून येतात, चहा होतो, सह्या होतात. 'तिचे चांगले चालले आहे', 'आईचे आम्हीच केले', 'तिच्या लग्नात खर्च झालाच होता' ही कारणे मी इतक्यांदा ऐकली आहेत की पुढचे वाक्य मलाच पाठ असते. काही बहिणी खरोखर आनंदाने सही करतात, तेही सांगायला हवे. काहींच्या डोळ्यांकडे मात्र पाहवत नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल, हा हिशेब त्यांनी घरून निघतानाच केलेला असतो. सह्या झाल्यावर प्रार्थना होते आणि आमेन सगळेच म्हणतात.

आता आमच्या घरात मृत्युपत्राचा मसुदा तयार होतो आहे. मुलगा आमच्याजवळ राहतो, मुलगी नाशिकला असते. राहते घर कोणाला, ही जागा अजून कोरी आहे. ती भरायला बसले की माझ्या मनात कारणे आपोआप रांगेत उभी राहतात. मुलगा जवळ आहे, उद्या आजारपणात तोच धावणार, तिचे स्वतःचे घर आहे. एव्हाग्रियसची यादी नव्या कपड्यांत. मुलावरचे प्रेम त्यात आहेच. पण आपले म्हातारपण नीट जावे म्हणून घराची दोरी आपल्या हातात धरून ठेवण्याची इच्छाही त्यात आहे, आणि त्या इच्छेला मी आता तिच्या नावाने हाक मारतो.

परवा पत्नीशी बोलता बोलता जक्कयाचा विषय निघाला. यरीहोचा हा बुटका जकातदार येशूला पाहायला झाडावर चढला होता. येशू त्याच्या घरी आला, तेव्हा तो 'मी लोभी आहे, मला क्षमा कर' असे म्हणाल्याचे लूकने लिहिलेले नाही. त्याने आकडे सांगितले. निम्मी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. तेही सगळ्यांसमोर, म्हणजे दुसऱ्या दिवशी मागे फिरायची सोय नाही. पत्नी म्हणाली, "अहो, मग आपणही मुलीला इथे बोलावून घेऊ आणि दोघांसमोरच आकडा लिहू." येत्या शनिवारी ती नाशिकहून येते आहे. सोमवारी वकिलांकडे जायचे आहे.